कचेरीतला गलका



आपल्या सरकारी कारभारात ‘सुनावणी’ असा एक शब्द आहे. वारसाची नोंद असो, बांधाची तक्रार असो, फेरफारावरची हरकत असो, तारीख पडते ती सुनावणीची. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. कागदावर लिहिलेले तर साहेब वाचू शकतातच. पण माणसाचे म्हणणे माणसाच्या तोंडून ऐकावे, एवढ्यासाठी त्याला गावाहून बोलावून घ्यावयाचे. आता अंबड घ्या, भोकरदन घ्या, परतूर, मंठा, जाफराबाद, कोणताही तालुका घ्या. आठवडी बाजाराच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास कचेरीत जाऊन उभे राहा, आणि ऐकण्यासाठी म्हणून भरलेल्या त्या जागेत ऐकू किती येते ते पाहा. डोक्यावर पंखा कडकडतो आहे. खिडकीत कूलर घरघरतो आहे. कोपऱ्यात झेरॉक्सचे यंत्र, शेजारी प्रिंटर. शिपाई लोखंडी कपाट उघडतो तेव्हा दाराचा एक खणाणता आवाज, आणि लावतो तेव्हा दुसरा. शहाबादी फरशीवर खुर्च्या ओढल्या जातात. कोणाचा तरी मोबाइल वाजतो, आणि तो घेणारा इसम, पलीकडचा माणूस खरोखरच दहा कोसांवर आहे हे ध्यानात ठेवून, दहा कोस ऐकू जाईल असा बोलतो. या सगळ्यावर माणसांचा गलका. तो तर विचारूच नका.

आज मला या गलक्याविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. कोणी म्हणेल, गावोगाव पाण्याची ओरड आहे, कापसाच्या भावाची ओरड आहे, आणि हे प्राध्यापक महाशय कसल्या ओरडीबद्दल बोलतात! हा शहरी नाजूकपणा झाला. पण मला तो नाजूकपणा वाटत नाही. का, ते सांगतो.

एका तालुक्याच्या कचेरीत, तालुक्याचे नाव सांगून काही साधणार नाही, मी एका कामासाठी रांगेत उभा होतो. माझ्या पुढे एक म्हातारी बाई. नवरा वारलेला, जमिनीला नाव लावावयाचे. टेबलावरचे कारकून गृहस्थ भले होते. वसवस करणारे नव्हते. त्यांनी विचारले, “आजी, गट नंबर?” आजी म्हणाल्या, “साठ.” त्यांनी खात्री करून घेतली, “सात ना?” आजी म्हणाल्या, “हां बाबा, साठ.” त्यांनी सात लिहिले. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. दोघांनाही आपण बोललो तेच समोरून ऐकू आले. मी मध्ये बोललो म्हणून त्या दिवशी तो आकडा दुरुस्त झाला. नसता झाला तर? तर दोन महिन्यांनी आजींच्या हाती कागद पडला असता, की गट क्रमांक ७ शी अर्जदाराचा काही संबंध दिसून येत नाही. मग पुन्हा एसटी, पुन्हा रांग, पुन्हा नवा अर्ज. कापूस वेचणीच्या दिवसांत एक रोज बुडतो म्हणजे काय होते ते ऐकणाऱ्यांना मी काय सांगावे?

आणि आकड्यांचे एक झाले. पण त्या टेबलापाशी बाईंना आणखी काय काय मोठ्याने सांगावे लागले! नवरा कशाने गेला, मुलगा सांभाळतो की नाही, घरात कमावते कोण आहे. ऐकू जावे म्हणून ओरडून सांगावे लागले, आणि ओरडून सांगितल्यामुळे रांगेतल्या वीस माणसांनी ते ऐकले. ज्याने ऐकावयाचे त्याला ऐकू येत नाही आणि ज्यांनी ऐकू नये त्यांना सगळे ऐकू जाते, अशी ती जागा. गरिबाला दुःख सांगावेच लागते. ते त्याने ओरडून का सांगावे?

‘सात’ आणि ‘साठ’ यांचा घोटाळा नेमका कसा होतो, हे शिक्षक बंधुभगिनींनी जरा बारकाईने पाहावे, कारण वर्गातही तोच होत असतो. बोलण्यातला जोर असतो तो स्वरांत. ‘सा’मधला ‘आ’ लांब आहे, ठसठशीत आहे, तो गलक्यातूनही पोहोचतो. पण शब्दाचा अर्थ ठरतो तो व्यंजनावर, आणि व्यंजन म्हणजे क्षणाचा खेळ. जीभ दातांना लागली तर ‘त’, जरा मागे वळून टाळूला लागली आणि सोबत श्वासाचा झोत सुटला तर ‘ठ’. हा श्वासाचा झोत म्हणजे निव्वळ एक बारीकसा ‘हुस्स’. आता कूलर काय करतो? तोही दिवसभर ‘हुस्स’च करीत असतो. एका हुस्समध्ये दुसरा हुस्स बुडून जातो, आणि साठाचे सात होतात. ‘तीन’ आणि ‘तीस’ यांचेही असेच. वयाबरोबर माणसाच्या कानातून पहिल्याने जातात ते हेच बारीक, उंच पट्टीचे आवाज. म्हणून म्हातारी माणसे म्हणतात, “आवाज येतो बाबा, पन शब्द कळत न्हाई.” ही तक्रार अगदी शास्त्रशुद्ध आहे. अशा माणसाशी ओरडून बोलल्याने फारसा उपयोग होत नाही. ओरडताना आपण स्वर वाढवतो, व्यंजने आहेत तेवढीच राहतात. जवळ जावे, तोंडासमोर बसावे, सावकाश बोलावे. ओठ दिसले की अर्धे काम होते.

जालन्याच्या माणसाला या बाबतीत आणखी एक गोष्ट ठाऊक असली पाहिजे. ‘जालना, सोने का पालना’ असे आपल्याकडे जुने लोक म्हणत. अलीकडच्या काळात जालना ओळखला जातो तो बियाण्यांसाठी आणि लोखंडाच्या सळयांसाठी. भट्ट्या आणि रोलिंग मिल यांत काम करणारे हात या जिल्ह्यातल्या गावोगावचे आहेत. कारखान्यांसाठी आपल्याकडे जी मर्यादा धरतात ती आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबेल अशी आहे. आवाज पाच डेसिबेलने वाढला की वेळ निम्मी: ९५ ला चार तास, १०० ला दोन. त्याहून अधिक काळ कान उघडे ठेवून काम केले तर जी श्रवणशक्ती जाते ती परत येत नाही, आणि तीही पहिल्याने बारीक आवाजांचीच जाते. असा चाळिशीचा कामगार मुलाच्या दाखल्यासाठी कचेरीत येतो, दोनदा ‘काय?’ म्हणतो, तिसऱ्यांदा विचारण्याची त्याला लाज वाटते, आणि तो मान हलवून निघून जातो. त्याला कोणी बहिरा म्हणत नाही. अडाणी म्हणतात.

गलका वाढतो कसा, याचीही एक गंमत आहे. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ साली एक गोष्ट नोंदवून ठेवली. भोवती आवाज असला की माणूस आपोआप, नकळत, आपला आवाज चढवतो. ठरवून नव्हे, त्याला पत्ताही नसतो. आता एका खोलीत पाच टेबले आहेत. पहिल्या टेबलावरचा माणूस कूलरवर मात करण्यासाठी आवाज चढवतो. त्याच्यावर मात करण्यासाठी दुसरा चढवतो. दुसऱ्यामुळे तिसरा. फिरून पहिल्याला वाटते, आज गर्दी फार आहे, आणि तो आणखी चढवतो. शिपाई मध्येच “शांतता राखा!” म्हणून गरजतो. तोही शेवटी एक आवाजच! पण याच गोष्टीची दुसरी बाजू आशादायक आहे. कूलरची घरघर थोडी कमी केली, की कोणी कोणाला न सांगता पाचही टेबलांवरचे आवाज खाली येतात. म्हणजे आपण एक कमी करावा आणि आपल्याला दोन मिळावेत, असा हा सौदा आहे.

मात्र सगळेच आवाज सारखे नडत नाहीत. पंख्याची एकसुरी घुरघुर कान विसरून जातो. विसरता येत नाही ते माणसाचे बोलणे. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे अक्षरे दाखवून ती क्रमाने लक्षात ठेवावयास सांगितली, आणि त्याच वेळी कानांवर जर्मन भाषेतले वाचन घातले. भाषा कळत नव्हती, लक्ष द्यावयाचे नव्हते, तरीही चुका वाढल्या. पुढच्या प्रयोगांत असे दिसले की एकसुरी खरखर त्या मानाने पुष्कळच कमी नडते. तेव्हा खातेउताऱ्याची बेरीज करणारा कारकून शेजारच्या टेबलावरचे आकडे कानांवर पडल्यामुळे चुकला, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी आपण थोडा विचार करावा. त्याच्या मनातल्या पाटीवर दुसरा कोणी तरी लिहीत होता. माझे स्वतःचे मत असे की कचेरीतल्या निम्म्या चिडचिडीचे मूळ स्वभावात नसून कानांत असते. ते मला सिद्ध करता येणार नाही. पण एखाद्या शांत खोलीत त्याच माणसाला भेटून पाहावे.

आता खोलीकडे वळू, कारण खरा अपराधी तीच आहे.

आपल्या जुन्या घरांत असा घुमारा नव्हता. मराठवाड्यातले माळवदाचे घर आठवा. जाड भिंती, वर तुळया, त्यांवर लाकडी किलच, आणि त्यावर हात-दीड हात पांढरी माती. जमीन शेणाने सारवलेली. कोपऱ्यात धान्याच्या कणग्या, वळचणीला वाकळांचा ढीग. अशा घरात बोललेला शब्द बोलल्या जागी संपे. मृगाचा पाऊस वर धो धो पडला तरी खाली आजीची गोष्ट थांबत नसे. हे सगळे मऊ आणि जड होते. माळवदाकडे परत जा, असे मात्र मी म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच जड मातीच्या छतांखाली आणि दगडी भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली, आणि पुष्कळांच्या मनातून माळवद तेव्हापासून उतरले. त्याची जागा पत्र्याने आणि सिमेंटच्या छताने घेतली. ते योग्यच झाले. पण माळवद गेले तेव्हा त्याबरोबर शांतताही गेली, आणि ती परत आणण्याची काही तजवीज आपण केली नाही.

सिमेंटची गुळगुळीत भिंत, शहाबादी फरशी, स्लॅबचे छत, लोखंडी कपाटे. या खोलीत मऊ असे काही म्हणजे माणसे तेवढी. गिलावा किंवा फरशी यांवर आवाज पडला तर त्यातला शंभरात दोन-तीन भाग तेवढा मुरतो. बाकीचा सगळा चेंडूसारखा परत येतो. म्हणजे एकदा उच्चारलेला शब्द त्या खोलीत पुन्हा पुन्हा आपटत राहतो, आणि पुढचा शब्द उच्चारला जातो तेव्हा मागचा अजून हवेतच असतो. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक ‘सुतार का झोपडा’ म्हणतात, हेच होते. तिथे एक सूर लावला तर तो कितीतरी वेळ रेंगाळतो आणि अंगावर काटा येतो. मंत्रपठणाला ती जागा उत्तम. पण तिथे सातबारा वाचून दाखवावयाचा असेल तर पंचाईत होईल. आपण तालुक्यातालुक्याला अशी लेणी बांधून ठेवली आहेत.

यावर उपाय कोणी काढला, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली एक नवीन व्याख्यानगृह झाले. बांधणी देखणी, पण आत बोललेले कोणाला कळेना. एक शब्द उच्चारला तर तो साडेपाच सेकंद ऐकू येत राही! अधिकाऱ्यांनी हे लचांड वॉलेस सेबाइन नावाच्या एका तरुण अध्यापकाच्या गळ्यात टाकले. पदार्थविज्ञानाचा हा तरुण मोठा चिकाटीचा. जवळच दुसरे एक मोठे सभागृह होते, त्यात बाकांवर गाद्या होत्या. रात्री सगळे सामसूम झाले की सेबाइन आणि त्याचे मदतनीस त्या गाद्या खांद्यावर घालून या व्याख्यानगृहात आणीत, बाजाच्या एका नळीचा सूर काढीत, आणि तो विरून जाण्यास किती वेळ लागतो ते मोजीत. उपकरण म्हणजे एक घड्याळ आणि स्वतःचा कान. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. उजाडण्यापूर्वी सगळ्या गाद्या जिथल्या तिथे परत, कारण सकाळी तिथे माणसे बसावयाची! सगळ्या गाद्या आणल्या तेव्हा साडेपाच सेकंदांचा घुमारा सव्वा सेकंदाच्याही खाली आला. अशा कित्येक रात्रींच्या हमालीतून त्याने नियम काढला, की खोली जितकी मोठी तितका घुमारा अधिक, आणि आवाज मुरवणारी जागा जितकी जास्त तितका तो कमी.

ही मुरवणारी जागा मोजण्यास त्याने जे माप घेतले ते मला फार आवडते. त्याने उघडी खिडकी हे माप धरले. उघड्या खिडकीवर गेलेला आवाज बाहेर निघून जातो, परत येत नाही. म्हणून कोणतीही मऊ वस्तू ‘किती उघड्या खिडकीइतकी’ हे विचारावयाचे. आपण आपल्या कचेरीचा हिशेब करून पाहू. कागद-पेन्सिल नसली तरी चालेल. खोली १० मीटर लांब, ६ मीटर रुंद, ४ मीटर उंच. पोटात हवा २४० घनमीटर. भिंती, जमीन, छत मिळून २४८ चौरस मीटर; त्यातला शंभरात तीन भाग धरला तर साडेसात मीटरही उघडी खिडकी होत नाही. आत दहा माणसे असली तर त्यांच्या अंगावरच्या कपड्यांसह आणखी साडेचारच्या आसपास. एकूण १२. सेबाइनचा नियम असा, की हवेच्या मापाला ०.१६ ने गुणा आणि उघड्या खिडकीने भागा. उत्तर येते ३.२ सेकंद. तीन सेकंदांत माणूस दहाएक शब्द बोलतो! आता याच खोलीत भिंतींवर आणि छताखाली मिळून ४० चौरस मीटर अशी वस्तू लावा की जिच्यात निम्मा आवाज मुरतो. उघड्या खिडकीत २० ची भर. एकूण ३२, आणि घुमारा १.२ सेकंदावर. ओरड नाही, शिस्त नाही, पाट्या नाहीत. गलका नुसता विरून जातो. मोजणीत तो चारएक डेसिबेलने उतरतो, आणि लोंबारसाहेबांच्या नियमाप्रमाणे माणसेही हळू बोलू लागल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त.

आणखी एक गोष्ट या हिशेबातून निघते. उघड्या रानात आपण दुप्पट अंतरावर गेलो की आवाज सहा डेसिबेलने उतरतो. वर सांगितलेल्या कोऱ्या खोलीत मात्र बोलणाऱ्यापासून हाताच्या अंतरापलीकडे गेले की तो जवळजवळ उतरतच नाही. दूरच्या कोपऱ्यातल्या टेबलालाही तेवढाच गलका. म्हणून अशा खोलीत टेबले लांब लांब मांडून किंवा मध्ये कमरेइतका प्लायवूडचा आडोसा उभा करून काही साधत नाही. आधी छत मऊ करावे, मग आडोसा.

मी आता ज्या खोलीत बसून बोलतो आहे, म्हणजे आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, तिथे हेच केलेले असते. आत येण्यास एकामागून एक दोन जड दारे. भिंतींवर बारीक भोकांचे तक्ते, आणि त्यांच्यामागे लोकरीसारखा तंतूंचा थर. आवाज भोकांतून आत शिरतो आणि तिथेच मुरतो. इथे पहिल्यांदा बोलताना माणूस दचकतो. आपलाच आवाज आपल्याला उपरा वाटतो, कारण भिंत काहीच परत देत नाही. कचेरीला इतके नको. भारतीय मानक संस्थेने १९६८ साली या विषयावर शिफारशी प्रसिद्ध केल्या होत्या. त्यांत आकाशवाणीच्या अशा खोल्यांसाठी २५ ते ३० डेसिबेल, शाळेचे वर्ग आणि न्यायालये यांना ४० ते ४५, आणि लोकांची ये-जा असलेल्या मोठ्या कचेऱ्यांना ४५ ते ५० असे आकडे दिले आहेत. दोन माणसांचे समोरासमोरचे साधे बोलणे ६० च्या आसपास असते. म्हणजे खोली रिकामी असताना, पंखा-कूलर चालू ठेवून, बोलण्याच्या दहा-पंधरा डेसिबेल खाली असावी, एवढीच अपेक्षा. आता मापयंत्र नाही म्हणून अडून बसण्याचेही कारण राहिलेले नाही. मोबाइलवर अंदाज कळण्यापुरते ते असते.

मग लावावयाचे काय? इथे दोन गोष्टींची गल्लत होते ती सांगून ठेवतो. खोलीतला घुमारा मुरवणे वेगळे आणि बाहेरचा आवाज आत येऊ न देणे वेगळे. मुरवण्यास मऊ, सच्छिद्र वस्तू लागते: जाड पडदा, गोधडी, बारदानाच्या दोन-तीन घड्या. ती भिंतीला चिकटवू नये, चार बोटे सोडून टांगावी. मागच्या पोकळीमुळे भरड आवाजही मुरतात. अडवण्यास मात्र जड आणि फट नसलेली वस्तू लागते. गोधडीने मोटारसायकलचा फटफटाट अडत नाही, विटेच्या भिंतीने अडतो. आणि थर्मोकोल? पुष्कळ ठिकाणी छताला थर्मोकोल लावून आवाज बंद झाला असे समजतात. थर्मोकोल हलके आहे म्हणून अडवत नाही, आणि त्याची छिद्रे बंद असतात म्हणून मुरवतही नाही. उन्हासाठी लावायचे तर लावा.

फटीचे महत्त्व आपल्या लोकांना पटत नाही. दार शिसवी असले आणि खाली दोन बोटे उघडे असले तर ते पाणी भरण्यास फुटका घडा आणण्यासारखे आहे. भिंतीच्या शंभराव्या हिश्शाइतकी जरी उघडी जागा राहिली, तरी बाहेरच्या आवाजाचा शंभरावा हिस्सा आत येणारच, मग बाकीची भिंत किल्ल्याची का असेना. शंभरावा म्हणजे थोडा वाटतो. पण कान फार तेज असतो, त्याला तो स्पष्ट ऐकू येतो. झाडांच्या एका रांगेने आवाज अडतो हीही समजूत खरी नाही. झाडे सावलीसाठी, पाखरांसाठी जरूर लावावीत. गाड्यांचा तळ मात्र कचेरीच्या मागच्या अंगाला न्यावा.

बारदान आणि गोधड्या सुचवल्या खऱ्या, पण जिथे दप्तर आहे तिथे मी त्या सुचवणार नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेली आग आपण विसरलेलो नाही. विजेच्या तारांजवळ कापूस आणि ताग टांगणे म्हणजे आमंत्रण देणे. कचेरीत लाकडाचा कीस सिमेंटमध्ये दाबून केलेले तक्ते किंवा दगडी लोकर वापरावी. ती सहजासहजी पेटत नाही, उंदीरही तिच्या वाटेस फारसा जात नाही. खर्च येतो. पण नवी फरशी घालण्याच्या, दर्शनी भागाला रंग देण्याच्या खर्चातून तो निघू शकतो, असे मला वाटते.

बिनखर्चाचेही पुष्कळ आहे. खुर्चीच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बसवावेत. कूलरखाली आणि झेरॉक्सखाली रबराची जाड पट्टी घालावी. कूलरचा आवाज पुष्कळदा नुसता पाण्याचा किंवा वाऱ्याचा नसून ढिल्या पत्र्याचाही असतो, त्याचे स्क्रू आवळावेत. पंख्याचा तोल सावरून घ्यावा. कपाटाच्या दाराच्या कडेला आत कापडाची पट्टी डकवावी. आणि सुनावणीचे टेबल, हे सर्वांत महत्त्वाचे, गर्दीच्या खोलीत ठेवूच नये. एखादी लहानशी खोली, दप्तराच्या गठ्ठ्यांनी भरलेली असली तर उत्तमच, कारण कागदाचे गठ्ठे आवाज चांगला मुरवतात. तिथे दोन खुर्च्या समोरासमोर. टेबलावर एक पाटी ठेवावी आणि आकडा म्हणून ऐकू आला की तो पाटीवर लिहून अर्जदारास दाखवावा. आजींना वाचता येत नसले तरी सोबतच्या नातवाला येते. तेही नसेल तर कारकुनाने ‘साठ, म्हणजे सहा दाही साठ ना?’ एवढे विचारावे. एवढ्यानेही पुष्कळांची एसटीची फेरी वाचेल.

शिक्षकांसाठी एक वेगळी हकीकत आहे. न्यूयॉर्क शहरात उंच पुलावरून जाणाऱ्या आगगाडीच्या रुळांना लागून एक शाळा होती. अर्लिन ब्रॉन्झाफ्ट या संशोधक बाईंनी आपल्या एका सहकाऱ्याबरोबर तिथल्या मुलांची तपासणी केली आणि १९७५ साली ती प्रसिद्ध केली. रुळांच्या बाजूच्या वर्गांत बसणारी वरच्या इयत्तेची मुले वाचनात दुसऱ्या बाजूच्या मुलांपेक्षा जवळजवळ एका वर्षाने मागे होती. शाळा तीच, पुस्तके तीच. दर चार-पाच मिनिटांनी गाडी जाई आणि शिकवणे थांबे. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या घातल्या, वर्गांना आवाज मुरवणारी छते बसवली. १९८१ साली पुन्हा प्रसिद्ध केलेल्या तपासणीत दोन्ही बाजूंची मुले बरोबरीला आलेली दिसली. आपल्याकडे आगगाडी नसेल, पण पावसाळ्यात पत्र्याच्या वर्गात काय होते ते प्रत्येक गुरुजींना ठाऊक आहे. आर्द्राची एक सर आली की गुरुजी खडू खाली ठेवतात. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत केले आणि ते दाट लिंपून घेतले तरी सर वाजते ती बरीच लांबून. २००० सालच्या केंद्राच्या नियमांप्रमाणे शाळा, दवाखाने आणि न्यायालये यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून धरता येतात आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबेल आहे. ग्रामसभेत हा नियम वाचून दाखवण्यास हरकत नाही. मात्र ग्रामसभेच्या ध्वनिक्षेपकाचे तोंड तेवढ्यापुरते शाळेकडून वळवावे लागेल.

आणि सेबाइनचा प्रयोग आपल्याही वर्गात होण्यासारखा आहे. एखाद्या शनिवारी शाळा सुटल्यावर वर्ग रिकामा करावा. मधोमध उभे राहून एकाने दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर जोरात आपटाव्यात, आणि बाकीच्यांनी डोळे मिटून आवाज पूर्ण विरेपर्यंत मोजावे. मग एका मुलाने ‘सात’, ‘साठ’, ‘तीन’, ‘तीस’ असे वीस शब्द फळ्याकडे तोंड करून म्हणावेत आणि मागच्या बाकावरच्यांनी ते लिहावेत. किती चुकले ते मांडून ठेवावे. नंतर प्रत्येकाने घरून आणलेली एक एक वाकळ दोरीवर, भिंतीपासून चार बोटे सोडून टांगावी आणि तेच शब्द पुन्हा म्हणावेत. आकडे पंचायतीच्या फळ्यावर लावले तर गावालाही कळेल. वाकळा मात्र दिवेलागणीच्या आत ज्याच्या त्याच्या घरी पोहोचत्या कराव्यात.